कुत्र्यातला हार्टवर्म: आधी तपासणी, मग औषध. ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांसाठी टप्प्याटप्प्याने

हार्टवर्म म्हणजे डासांतून कुत्र्याच्या शरीरात येणारा, हृदय-फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत राहणारा किडा. त्याच्या बाबतीत औषध नसल्यामुळे होणाऱ्या चुका कमी, क्रम उलटा झाल्यामुळे होणाऱ्या जास्त. तपासणीआधी गोळी, वजन न करता मात्रा, इंजेक्शननंतर दोन दिवसांनी तलावपाळीवर फेरफटका. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने वाचा. औषधांच्या मात्रा दिल्या आहेत त्या तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी पडताळता यावी म्हणून. घरच्या घरी उपचार करण्यासाठी नाहीत.

टप्पा १: घरात चालू असलेली औषधं टेबलावर काढा

"आम्ही दर तीन महिन्यांनी जंताची गोळी देतो" हे वाक्य दवाखान्यात रोज ऐकू येतं. ती गोळी पोटातल्या जंतांची. प्राझिक्वांटेल, पायरँटेल, फेनबेंडाझोल ही औषधं आतड्यात काम करतात. हार्टवर्म राहतो फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत आणि हृदयाच्या उजव्या बाजूला. तिथे या गोळ्यांचा उपयोग शून्य.

दुसरा घोळ गोचिडांच्या चघळायच्या गोळ्यांचा. अफॉक्सोलॅनर, फ्लुरालॅनर, सॅरोलॅनर ही औषधं गोचीड-पिसवा मारतात, हार्टवर्म अडवत नाहीत. नेक्सगार्ड आणि नेक्सगार्ड स्पेक्ट्रा यांची खोकी सारखी वाटतात, पण पहिल्यात फक्त अफॉक्सोलॅनर असतं आणि दुसऱ्यात त्याच्या जोडीला मिल्बेमायसिन. हार्टवर्मसाठी काम करतं ते मिल्बेमायसिन.

म्हणून खोक्याच्या मागचे घटक वाचा. आयव्हरमेक्टिन, मिल्बेमायसिन, मॉक्सिडेक्टिन, सेलामेक्टिन यांपैकी एकही नाव नसेल तर तुमच्या कुत्र्याला आजवर हार्टवर्मचं संरक्षण मिळालेलं नाही, असं धरून चाला.

सगळ्या रिकाम्या पट्ट्या, खोकी आणि लसीकरणाचं पुस्तक एका पिशवीत घाला. शेवटचा डोस कधी दिला ती तारीख लिहा. नक्की आठवत नसेल तर "आठवत नाही" असंच लिहा, अंदाजाने तारीख टाकू नका. पुढची तपासणी कधी करायची हे त्या तारखेवर ठरतं.

टप्पा २: वजन, आजचं

सहा महिन्यांपूर्वीचं वजन चालत नाही. पिल्लाच्या बाबतीत तर मागच्या महिन्याचंही नाही. घरच्या काट्यावर आधी कुत्र्याला उचलून उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा. लॅब्रॅडॉर उचलवत नसेल तर दवाखान्यातल्या काट्यावर फक्त वजनासाठी जाऊन या, बहुतेक ठिकाणी त्याचे पैसे घेत नाहीत.

गोळ्या वजनाच्या टप्प्यांनुसार येतात. स्पेक्ट्राचेच टप्पे पाहा: २ ते ३.५, ३.५ ते ७.५, ७.५ ते १५, १५ ते ३० आणि ३० ते ६० किलो. चौदा किलोचा देशी कुत्रा पावसाळ्यात घरात बसून सोळावर गेला की जुनी गोळी त्याला अपुरी पडते. मोठी गोळी आणून दोन लहान कुत्र्यांत अर्धी-अर्धी वाटणं हा पैसे वाचवायचा लोकप्रिय मार्ग आहे. पण दोन्ही अर्धुकांत औषध सारखं उतरेल याची खात्री नसते, आणि ज्याला कमी गेलं त्याला तुम्ही औषध दिलंच नाहीत असं होतं.

टप्पा ३: रक्त तपासा. औषध त्यानंतर

हा टप्पा सर्वांत जास्त गाळला जातो. तो का गाळू नये, ते आधी समजून घ्या.

डास चावला की अळी त्वचेतून आत शिरते. पुढचे सुमारे दोन महिने ती ऊतींमध्ये वाढते, मग रक्तात उतरून फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांकडे जाते. प्रौढ व्हायला सहा ते सात महिने लागतात. मादी २५ ते ३० सेंटिमीटर लांब होते आणि रक्तात सूक्ष्म अळ्या सोडते, त्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. दर महिन्याचं औषध मारतं ते कोवळ्या अळ्यांना. प्रौढ किडे तसेच राहतात. आणि रक्तात मायक्रोफायलेरिया भरपूर असताना मिल्बेमायसिनसारखं औषध दिलं तर त्या एकदम मरून कुत्र्याला उलट्या, धाप, क्वचित शॉक असा त्रास होऊ शकतो.

> सावधान: हत्तीरोग निर्मूलन मोहिमेत माणसांना वाटतात ती डीईसीची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नका. रक्तात मायक्रोफायलेरिया असलेल्या कुत्र्याला ती जिवावर बेतू शकते.

कोणाची तपासणी कधी करायची:

- सात महिन्यांपेक्षा लहान पिल्लू: आठव्या आठवड्यापासून औषध सुरू करता येतं, तपासणीसाठी थांबायचं नाही. सहा महिन्यांनी पहिली तपासणी, नंतर वर्षातून एकदा.
- सात महिन्यांच्या वरचा, आजवर औषध न मिळालेला: आधी तपासणी, मग औषध, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी.
- दत्तक घेतलेला रस्त्यावरचा कुत्रा, किंवा ईशान्येकडून आलेला अथवा तिथे राहून आलेला: वरच्यासारखंच, पण टाळाटाळ अजिबात नको.

सहा महिन्यांनी पुन्हा कशासाठी? अँटिजेन चाचणी प्रौढ मादीचं प्रथिन शोधते. चावा लागून पाच महिने होईपर्यंत ती बहुधा काही दाखवत नाही. आज निगेटिव्ह आली याचा अर्थ सहा महिन्यांपूर्वीपर्यंतचा हिशेब साफ आहे, एवढाच.

दोन चाचण्या मागा, एक नाही. पहिली अँटिजेनची. तिचा कीट दवाखान्यात दहा-पंधरा मिनिटांत उत्तर देतो, आणि त्याच कीटवर बऱ्याचदा एर्लिकिया, म्हणजे आपण ज्याला टिक फीव्हर म्हणतो, तोही तपासला जातो. दुसरी मायक्रोफायलेरियाची. तिच्यासाठी नुसता ब्लड स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब) पुरत नाही, अळ्या थोड्या असतील तर निसटतात. नॉट पद्धत मागा: ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या नळीतल्या १ मिलि रक्तात २ टक्के फॉर्मालिन ९ मिलि मिसळायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, वरचं पाणी ओतून द्यायचं आणि तळाच्या गाळावर मिथिलीन ब्लूचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. रक्त शक्यतो संध्याकाळी द्या, त्या वेळी अळ्या वरच्या रक्तवाहिन्यांत जास्त सापडतात.

आता आपल्या भागातला सगळ्यात मोठा घोटाळा. रिपोर्टवर "मायक्रोफायलेरिया दिसले" एवढंच लिहून येतं आणि घरात रडारड सुरू होते. भारतात खरा हार्टवर्म, म्हणजे डायरोफायलेरिया इमिटिस, प्रामुख्याने ईशान्येकडच्या राज्यांत सापडत आला आहे. मुंबई परिसरातल्या कुत्र्याच्या रक्तात दिसणारी अळी बऱ्याचदा दुसरीच असते. एक म्हणजे डायरोफायलेरिया रेपेन्स. हीही डासांतूनच येते, पण त्वचेखाली राहते. दुसरी अकँथोकायलोनीमा रेकॉन्डिटम, ती पिसवांतून येते आणि फारसा त्रास देत नाही. जाणकार तंत्रज्ञाला फरक दिसतो. ताज्या रक्ताच्या थेंबात हार्टवर्मची अळी एकाच जागी वळवळत राहते, रेकॉन्डिटम सरसर पुढे जाऊन नजरेआड होते. नॉट पद्धतीत मोजली तर हार्टवर्मची अळी साधारण ३०० मायक्रोमीटर, डोकं निमुळतं, शेपूट सरळ. रेकॉन्डिटम त्याहून आखूड, डोकं बोथट, शेपटीला बऱ्याचदा आकड्यासारखा बाक. शंका उरली तर पीसीआर, म्हणजे अळीच्या डीएनएची चाचणी.

> तपासा: रिपोर्टवर अळीच्या जातीचं नाव आहे का? नसेल तर उपचाराच्या गोष्टी बोलायच्या आधी ते विचारा.

मग ठाण्यात प्रतिबंधाची गरज आहे का? आसामइतका धोका इथे नाही, हे मान्य. पण कुत्रे आता विमानाने आणि रेल्वेने फिरतात, डास तर इथे बारा महिने आहेत, आणि रेपेन्स माणसाच्या डोळ्यात व त्वचेखालीही सापडतो. शिवाय ही औषधं पोटातले काही जंतही मारतात. खर्च पाहता आमचं मत प्रतिबंधक औषध द्यावं या बाजूने आहे. खाडीलगत किंवा येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

टप्पा ४: औषध निवडा, मात्रा पडताळा

महिन्याला एकदा द्यायच्या किमान मात्रा अशा:

- आयव्हरमेक्टिन, तोंडाने: किलोमागे ६ मायक्रोग्रॅम
- मिल्बेमायसिन, तोंडाने: किलोमागे ०.५ मिलिग्रॅम
- मॉक्सिडेक्टिन, मानेवर लावायचं: किलोमागे २.५ मिलिग्रॅम
- सेलामेक्टिन, मानेवर लावायचं: किलोमागे ६ मिलिग्रॅम

पहिल्या ओळीत मायक्रोग्रॅम आहे, मिलिग्रॅम नाही. गुरांसाठीचं आयव्हरमेक्टिनचं १ टक्क्याचं इंजेक्शन औषधाच्या दुकानात मिळतं आणि "थोडंसं तोंडात सोडा" असा सल्ला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असतो. गणित करून पाहा. त्या बाटलीत १ मिलिमध्ये १०,००० मायक्रोग्रॅम असतात. दहा किलोच्या कुत्र्याला हवेत ६०, म्हणजे ०.००६ मिलि. इन्सुलिनच्या सिरिंजवरची सगळ्यात छोटी रेघ ०.०१ मिलिची, तिच्यातच १०० मायक्रोग्रॅम येतात. म्हणजे मोजता येणारी सर्वांत कमी मात्राही गरजेच्या दीडपटीहून जास्त. आणि हाताने "थोडंसं" म्हणून ओढलं जातं ते अर्धा मिलि, म्हणजे ऐंशी पटीहून अधिक.

कोली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि त्यांच्या संकरांत एमडीआर-१ नावाच्या जनुकात दोष असू शकतो. अशा कुत्र्यात किलोमागे १०० मायक्रोग्रॅमच्या आसपासच विषबाधा सुरू होते: बुबुळं मोठी, लाळ, तोल जाणं, आंधळेपणा, बेशुद्धी. महिन्याची प्रतिबंधक मात्रा त्यांनाही चालते. गुरांची बाटली चालत नाही.

टप्पा ५: डोस देणं आणि तारीख सांभाळणं

गोळी जेवणाबरोबर द्या आणि ती चावून गिळली ना, ते पाहा. पग आणि बीगल गोळी गालात धरून पाच मिनिटांनी सोफ्याखाली टाकतात. तासा-दोन तासांत उलटी झाली तर डॉक्टरांना फोन करा, बहुधा डोस पुन्हा द्यावा लागतो.

मानेवर लावायचं औषध खांद्यांच्या मध्ये, केस बाजूला सारून थेट त्वचेवर. केसांवर पडलेलं वाया जातं. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको. पावसाळ्यात कुत्रा ओला असताना लावू नका, आणि लावून लगेच भर पावसात बाहेर नेऊ नका.

तारीख इंग्रजी महिन्याची ठेवा, एक किंवा पंधरा. "अमावस्येला देतो" म्हणणारे कधी २९ दिवसांनी देतात, कधी विसरून ४५ दिवसांनी. औषध मागच्या महिनाभरात शिरलेल्या अळ्यांना गाठतं. अळी त्यापेक्षा मोठी झाली की हाताबाहेर जाते.

डोस चुकला तर आठवल्या दिवशी लगेच द्या. दुप्पट देऊ नका. खाडा दोन महिन्यांपेक्षा जास्त झाला असेल तर डॉक्टरांना विचारून आधी तपासणी, मग डोस, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी.

हिवाळ्यात बंद करू का? डासाच्या पोटात अळी वाढायला सरासरी १४ अंशांच्या वर तापमान लागतं. २७ अंशांना ती दहा ते चौदा दिवसांत तयार होते. ठाण्यात जानेवारीतही दिवस-रात्रीची सरासरी चौदाच्या बरीच वर असते. वर्षभर द्या.

टप्पा ६: डास

हा टप्पा औषधाची जागा घेत नाही, त्याला हातभार लावतो. क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो आणि रात्री चावतो: गटार, सेप्टिक टँक, होल्डिंग पाँडच्या काठचं साचलेलं पाणी. एडिस स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो: एसीचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचे टायर. दोघेही हार्टवर्म पसरवू शकतात, म्हणून "आम्ही संध्याकाळी खिडक्या लावतो" पुरेसं नाही.

साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा रिकामं करून भांडं घासा, नुसतं ओतून देऊ नका, एडिसची अंडी कडेला चिकटून राहतात. सेप्टिक टँकच्या हवेच्या पाइपाला जाळी बांधायला सोसायटीला सांगा. कुत्रा बाल्कनीत झोपत असेल तर तिथे जाळी हवीच.

माणसांचं डास पळवणारं, डीईईटी असलेलं क्रीम कुत्र्याला लावू नका, ते चाटलं जातं. परमेथ्रिन असलेली डास पळवणारी कुत्र्यांची औषधं चांगली आहेत. घरात मांजर असेल तर मात्र ती आणू नका, मांजराला परमेथ्रिन प्राणघातक ठरतं.

टप्पा ७: पॉझिटिव्ह आला तर पहिल्या दिवशी

घाईने औषध सुरू करू नका, पण एक गोष्ट त्याच दिवशी करा: पळणं बंद. श्रम जितके जास्त तितकं फुप्फुसाचं नुकसान जास्त. चेंडू, जिने, इतर कुत्र्यांशी मस्ती, सगळं थांबवा. लिफ्ट वापरा. शी-शूसाठी आखूड पट्ट्यावर खाली, आणि परत.

मग:

१. अँटिजेन चाचणी वेगळ्या कंपनीच्या कीटवर पुन्हा करा, जोडीला मायक्रोफायलेरिया.
२. छातीचा एक्स-रे, रक्ताच्या पेशी, यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या, लघवी. शक्य असेल तर हृदयाची सोनोग्राफी.
३. टिक फीव्हर वगळा. आपल्याकडे तो अतिशय सामान्य आहे आणि थकवा, वजन घटणं, ताप त्यातही दिसतं. पॉमेरेनियन किंवा म्हाताऱ्या पगचा खोकला हृदयाच्या झडपेचाही असू शकतो.

ठाणे-नवी मुंबईत सोनोग्राफीची सोय जवळपास नसेल तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी आधी फोन करून विचारा, मगच कुत्र्याला गाडीत घाला.

> तातडी: अचानक कोसळणं, पांढऱ्या हिरड्या, कॉफीच्या रंगाची लघवी. किड्यांचा गुंता हृदयाच्या उजव्या कप्प्यात अडकल्याची ही खूण. गोळ्यांनी काही होत नाही, किडे शस्त्रक्रियेने ओढून काढावे लागतात. सकाळची वाट पाहू नका.

टप्पा ८: उपचाराचा क्रम

निदानाचा दिवस शून्य धरा.

दिवस १ ते २८: डॉक्सिसायक्लिन, किलोमागे १० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. हे औषध किड्यांच्या शरीरातल्या वोल्बाकिया जिवाणूंना मारतं. त्यामुळे किडे दुबळे होतात आणि पुढे मरताना कुत्र्याला कमी त्रास देतात. वीस किलोच्या कुत्र्याला सकाळी २००, रात्री २०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या ११२ कॅप्सूल. दहाच्या पट्ट्या असतील तर बारा पट्ट्या एकदमच आणा. मधे संपून चार दिवस खंड पडणं ही नेहमीची चूक.

कॅप्सूल दही-भातात दडवणं ही दुसरी. दुधातलं, दह्यातलं कॅल्शियम औषध शोषू देत नाही. नुसत्या भातात किंवा उकडलेल्या चिकनमध्ये द्या आणि वर पाणी पाजा. कोरडी कॅप्सूल घशात अडकली तर अन्ननलिकेला जखम होते.

याच काळात महिन्याचं प्रतिबंधक औषध सुरू होतं. मायक्रोफायलेरिया असतील तर पहिला डोस दवाखान्यात, दिवसभर नजरेखाली. लक्षणं असलेल्या कुत्र्याला प्रेड्निसोलोन हे स्टेरॉइडही देतात: किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, पहिल्या आठवड्यात रोज दोनदा, दुसऱ्यात रोज एकदा, तिसऱ्या-चौथ्यात दिवसाआड. हे एकदम बंद करायचं नसतं.

दिवस ३१ ते ६०: थांबायचं. "औषध संपलं, मग पुढचं का नाही?" असं वाटतं. या महिन्यात वोल्बाकियाचे अवशेष ओसरतात आणि किडे आणखी क्षीण होतात.

दिवस ६१, ९० आणि ९१: मेलार्सोमिन, म्हणजे प्रौढ किडे मारणारं इंजेक्शन, प्रत्येक वेळी किलोमागे २.५ मिलिग्रॅम, कमरेच्या स्नायूंत खोल, बाजू बदलून. आर्सेनिकचं औषध आहे, त्वचेखाली सांडलं तर ऊती जळते. ज्यांनी हे इंजेक्शन आधी कुत्र्यांना दिलं आहे अशाच डॉक्टरांकडून घ्या. तीन सुयांनी सुमारे ९८ टक्के किडे मरतात.

मेलेले किडे कुठे जातात? तुकडे होऊन फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. म्हणून प्रत्येक सुईनंतर सातव्या-दहाव्या दिवसापासून साधारण चौथ्या आठवड्यापर्यंतचा काळ सर्वांत धोक्याचा, आणि शेवटच्या सुईनंतर सहा ते आठ आठवडे कडक विश्रांती. कुत्रा बरा दिसायला लागतो तेव्हाच मालक पट्टा सैल सोडतात. ताप, वाढलेला खोकला, खोकल्यातून रक्त, धाप यांपैकी काहीही दिसलं तर लगेच दवाखाना. अ‍ॅस्पिरिन किंवा घरातली कुठलीही वेदनाशामक गोळी देऊ नका.

तारखा ठरवताना कॅलेंडर उघडा. शून्य दिवस १ जुलै असेल तर सुया पडतात ३१ ऑगस्ट, २९ आणि ३० सप्टेंबरला, आणि विश्रांती जाते ११ ते २५ नोव्हेंबरपर्यंत. म्हणजे मधे ढोल-ताशा आणि फटाके. घाबरून घरभर धावणारा कुत्रा असेल तर शांत करणारं औषध डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, आतली एखादी खोली ठरवून ठेवा, किंवा प्रकृती परवानगी देत असेल तर तारखा सरकवता येतील का ते विचारा.

टप्पा ९: मेलार्सोमिन मिळालंच नाही तर

आपल्याकडे ते सहज मिळत नाही, आणि कुणी ओळखीतून आणलेल्या बाटलीच्या साठवणीची खात्री नसते. अशा वेळी मॉक्सिडेक्टिन आणि डॉक्सिसायक्लिनची जोडी देतात: डॉक्सिसायक्लिन वरच्याप्रमाणेच चार आठवडे, आणि मॉक्सिडेक्टिनचं मानेवर लावायचं औषध दर महिन्याला, न चुकता. किडे हळूहळू मरतात, बऱ्याच कुत्र्यांत वर्षभरात किंवा थोडं पुढे अँटिजेन निगेटिव्ह येतं. पण श्रमावरचं बंधनही तितकेच महिने चालतं, हे आधीच समजून घ्या. सहाव्या महिन्यात "आता बरा आहे" म्हणून कुत्र्याला येऊरला नेणारे बरेच असतात. नुसतं आयव्हरमेक्टिन महिन्याला देत बसणं हा पर्याय धरू नका. त्यात दोन वर्षंही जातात आणि तेवढा काळ फुप्फुसं झिजत राहतात.

टप्पा १०: पुढच्या तपासण्या

दिवस १२० ला मायक्रोफायलेरिया, अजून दिसत असतील तर डॉक्टर त्यांच्यासाठी वेगळं औषध देतात. अँटिजेन मात्र शेवटच्या सुईनंतर नऊ महिन्यांनी. त्याआधी केलं तर मेलेल्या किड्यांचं प्रथिन रक्तात असतं आणि उगाच पॉझिटिव्ह येतं, मग लोक पुन्हा उपचाराच्या मागे लागतात. नऊ महिन्यांनीही पॉझिटिव्ह आलं तर दोन-तीन महिने थांबून पुन्हा तपासा. मोजके किडे उरले असतील, तर दुसऱ्या फेरीचा निर्णय तेव्हाच.

प्रतिबंधक औषध या सगळ्या काळात दर महिन्याला चालूच राहतं. त्याच घरातल्या दुसऱ्या कुत्र्याचं आणि वॉचमनच्या केबिनखाली झोपणाऱ्याचंही रक्त तपासून घ्या. डास तेच, आणि सूक्ष्म अळ्यांचा साठाही त्यांच्याच रक्तात.